ओळ कुठे तोडायची

बस्त्याव मास्तरांनी ताल द्यायची काठी खाली केली. हॉलमध्ये फक्त पंखे ऐकू येत होते.

"पुन्हा," ते म्हणाले. "'दया'पासून."

आम्ही पुन्हा गायलो आणि पुन्हा तिथेच फसलो. 'दया'मधला 'या' कितीतरी बार, म्हणजे तालाचे खण, सलग चढत जातो. तो अर्ध्यावर असताना चर्चच्या सगळ्या कॉयरने एकदम श्वास घेतला. ओल्या फरशीवरून खराटा ओढावा तसा आवाज झाला.

मास्तर माझ्यासमोर आले. माझ्या हातातला कागद त्यांनी काढून घेतला, चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ धरला आणि एका जागी बोट टेकवलं.

"जासिंता, इथे ओळ कोणी तोडली?"

ओळ खरंच तिथे तुटली होती. अर्धा 'या' वरच्या ओळीच्या टोकाला, उरलेला खालच्या ओळीत.

"मी नाही तोडली, मास्तर."

"कागद तूच केलास ना?"

"मीच."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. ऑस्विन रुमाव की-बोर्डमागे कागदात डोकं घालून बसला होता. ते पान त्याला पाठ होतं. मग तो एवढं काय वाचतोय, असं माझ्या मनात आलं, आणि तिथून पुढे माझ्या मनात दुसरं काही येईना.

— अंतर वाढवा —

आमच्या कॉयरला एक खोड होती. वसईतल्या दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये ती मी पाहिलेली नाही. कागदावरची ओळ जिथे संपेल तिथे आम्ही श्वास घ्यायचो. शब्द संपलेला असो वा नसो, सूर लांबवायचा असो वा नसो, डोळा उजव्या कडेवरून डावीकडे परतायला निघाला की छाती आपोआप भरायची. सायक्लोस्टाइलच्या काळापासूनची सवय. मास्तरांनी ती मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि उलट्या बाजूने सुरुवात केली: श्वास जिथे हवा, तिथेच ओळ संपवायची.

ते काम माझ्याकडे आलं. दिवसा मी वसई गावातल्या एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका लावायचे, त्यामुळे अक्षरांमधली मोकळी जागा बघायची नजर होती. मास्तर हाताने लिहायचे, मी ते नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचे. पाच रेघा, त्यांवर सूर, उभ्या रेघांनी पाडलेले बार, आणि खाली देवनागरी शब्द. घोळ सगळा शब्दांचा. 'म्हां'सारखं रुंद अक्षर एखाद्या चिमुकल्या सुराखाली आलं की सॉफ्टवेअर शेजारच्या सुरांना ढकलतं. मग एक बार ओळीबाहेर पडतो, खाली जातो, आणि तिथून पुढचं सगळं पान घसरतं. ते हाताने आवळावं लागतं. इथे केसभर कमी, तिथे केसभर जास्त, आणि हव्या त्या बारपाशी ओळ तोडायची. अशी हाताने तोडली की पडद्यावर त्या बारच्या डोक्यावर एक वाकडा निळा बाण उमटतो. छापलेल्या कागदावर तो दिसत नाही.

त्या वर्षी आमच्या चर्चला शंभर वर्षं होत होती. सणाच्या मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, बिशप येणार होते. मास्तरांनी त्यासाठी नवं संगीत रचलं होतं आणि ते आपलं शेवटचं, असं सांगून टाकलं होतं. सणानंतर काठी दुसऱ्याच्या हातात. नावं दोनच होती, ऑस्विन आणि मी. मास्तरांनी मला एकदा ओट्यावर बसवून सांगितलं होतं की त्यांचं मन माझ्याकडे आहे, फक्त सणापर्यंत काही घोळ होऊ देऊ नकोस. आमच्या कॉयरपुढे तोवर बाई उभी राहिली नव्हती, म्हणून मला ती काठी हवी होती असं मी लोकांना सांगायचे. खरं म्हणजे मला ती नुसतीच हवी होती,

— ओळ तोडा —

आणि ऑस्विनलाही हवी होती.

ऑस्विन दिवसा विमा विकायचा. वांद्र्याला जाऊन पियानोच्या परीक्षा दिलेला. बोटं चांगली, बोलणं त्याहून चांगलं. प्रिंटर चर्चच्या ऑफिसात होता, म्हणून फाइलही तिथल्याच कॉम्प्युटरवर असायची. मास्तर दर आठवड्याला काही ना काही बदलायचे. मी ते येऊन दुरुस्त करून ठेवायचे, आणि तालमीच्या दिवशी मला प्रेसमधून यायला उशीर होतो म्हणून छापायचं काम ऑस्विन करायचा. किल्ली फादरकडे, माझ्याकडे आणि त्याच्याकडे. फादरना नुसता माऊस धरतानाही घाम फुटायचा.

तालीम संपल्यावर मी ऑफिस उघडून फाइल काढली. 'प्रभू, दया कर'च्या पानावर निळे बाण होते. मी न लावलेले. बाकीची गाणी जशीच्या तशी.

ऑस्विन दारात येऊन उभा राहिला आणि सापडलं काय, म्हणून विचारू लागला. मग त्यानेच उत्तर दिलं: फॉन्ट असेल. तुझ्या प्रेसमधला देवनागरी फॉन्ट इथे नसणार, कॉम्प्युटर दुसरा घेतो, अक्षरं रुंद होतात, ओळी सरकतात.

पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच मला पटलं नाही. फॉन्टने ओळ सरकते, निळा बाण येत नाही. बाण माणसाने लावावा लागतो. हे त्याला माहीत नसेल असं वाटेना. पण पुरावा नसताना मी त्याचं नाव घेतलं असतं तर सगळे म्हणाले असते, काठीसाठी चाललंय. मी म्हटलं, असेल. दुसऱ्या दिवशी प्रेसमधून फॉन्ट आणून त्याच्यादेखत घातला आणि बाण पुसले.

पुढच्या तालमीला कॉयरने पुन्हा 'या'च्या मध्येच श्वास घेतला.

— ओळींना कुलूप लावा —

सॉफ्टवेअरमध्ये ओळींना कुलूप लावता येतं. मी लावलं. ते कोणीतरी उघडलं.

ऑफिसची खुर्ची मी अगदी खाली करून ठेवू लागले. ऑस्विन उंच. दोन दिवसांनी खुर्ची वर आलेली असायची. एकदा तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढलेली दिसली, फादरच्या टेबलापुढची, पाहुण्यांची. तिचं तोंड कॉम्प्युटरकडे होतं.

म्हणजे दोघं होते.

त्या आठवड्यात मी कॉयरमधल्या प्रत्येकाचं तोंड बघून घेतलं. टेनरमधले, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजातले, दोघं ऑस्विनचे मावसभाऊ. सोप्रानोतल्या, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजातल्या, एकीला माझ्यामुळे सोलो मिळाला नव्हता. माझ्याशी कोणी हसून बोललं तर का हसतेय, आणि न हसता गेलं तर का हसली नाही. घरी आले की सगळं आयला सांगायचे. पपा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आय अल्टोमध्ये, बायकांच्या खालच्या आवाजात, गायची, लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "कागदच तो. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"कागद नाही, आय. मला पाडायला बसलेत."

"कोण बसलंय?"

"ऑस्विन. आणि आणखी कोणीतरी."

आय म्हणाली, आमटीत मीठ बघ, आणि आत गेली.

— एकच भाग दाखवा —

प्रेसमध्ये वीज गेली म्हणून एक दिवस मालकांनी दुपारीच सोडलं. मी घरी न जाता चर्चकडे वळले. ऑफिसचं दार आतून लावलेलं होतं. मागची खिडकी उघडी होती आणि त्या बाजूला केळीची बाग. मी केळीत जाऊन उभी राहिले.

आत कोणीतरी गात होतं. हळू, खालच्या सुरात. अल्टोची ओळ, एकटीच. बाकीचे तीन आवाज काढून घेतले की ती ओळ गाणं वाटतच नाही, कोणीतरी स्वतःशी पुटपुटतंय असं वाटतं. 'या' सुरू झाला, चढला आणि मध्येच थांबला.

"इथे?" ऑस्विनचा आवाज.

"नको. अजून एक बार जाईन. परत घे."

ती माझी आय होती.

तिने परत घेतलं. परत थांबली, आधी थांबली होती तिथेच.

"बरं, इथेच लाव," ती म्हणाली. माऊसची टिकटिक झाली.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहिते, कारण ते अगदी चपखल बसत होतं. मुलगी कॉयरपुढे उभी राहिली तर तिच्या लग्नाचं काय, असं आयने एकदोनदा काढलं होतं. ऑस्विनच्या आईशी तिचं जाणंयेणं होतं. माझ्या तक्रारी ती रोज ऐकून घ्यायची, म्हणजे मी काय पकडलंय आणि काय नाही हे ऑस्विनला रोज कळत होतं. फॉन्ट, कुलूप, खुर्ची, सगळं जागच्या जागी बसलं. मी केळीचं पान मुठीत धरून उभी होते.

मग आत ती श्वास घेऊ लागली. नुसता श्वास. तो संपेचना. खुर्ची सरकली, ग्लासात पाणी ओतलं गेलं. शेवटी ऑस्विन म्हणाला, मावशी, आज एवढंच पुरे. आय म्हणाली,

— पान उलटा —

"नाही. पुढचं काढ."

संध्याकाळी ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. दुपारी कुठे होतीस, मी विचारलं. बाजारात. काय आणलंस? तिने सुपातल्या वालांकडे पाहिलं. ते आमच्याच परसातले होते.

मी म्हटलं, "मी खिडकीपाशी होते."

आयने सूप बाजूला ठेवलं. ती जे बोलली ते मी तिने थांबत थांबत सांगितलं तसंच मांडते. त्या दिवशी पहिल्यांदाच मी तिचं थांबणं ऐकलं. त्याआधी मला वाटायचं, ती विचार करून बोलते.

"फुप्फुसं आवळत चाललीत,
डॉक्टर म्हणाला.
औषधाने वेग कमी होतो.
गेलेलं
परत येत नाही."

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून."

"मला का नाही सांगितलं?"

"तू म्हणाली असतीस,
आय, तू खाली बस.
जुआना मावशीला
तूच खाली बसवलंस ना मास्तरला सांगून.
ती आता आपल्या चर्चला येतच नाही.
पलीकडच्या गावात जाते
मिस्साला."

"तिचा आवाज हलत होता."

"हलत होता. मी कुठे नाही म्हणते?"

मी म्हटलं, मग तुझी तू मध्येच श्वास घे, एवढ्या लोकांत कोणाला कळणार? तिने मान हलवली. बस्त्याव कानाने नाही, डोळ्याने तालीम घेतो, ती म्हणाली. 'या'च्या वेळी तो एकेकाचं तोंड बघत जातो. सगळ्यांची उघडी असताना तिचं एकटीचं मिटलं, तर पुढच्या रविवारी ती लोकांत बसलेली असेल.

"सगळ्यांचीच मिटली
तर कोणाला बसवील?"

"आणि हे तू ऑस्विनला सांगितलंस. मला नाही."

"तुला काठी हवी आहे, जासू.
काठी हवी असलेल्या माणसाला
हे कसं सांगायचं?"

"त्यालाही हवी आहे."

आयने सूप परत मांडीवर घेतलं.

— मागे जा —

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बोलावून घेतलं. ते दारातल्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर त्यांच्या हस्ताक्षरातलं ते पान.

"दया मागताना मध्ये थांबत नाहीत," ते म्हणाले. "माझी बायको हॉस्पिटलात होती तेव्हा मी ते लिहिलं. एका दमात मागतो माणूस. मी ते तोडून लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, ठाऊक आहे.

"मग तोडतंय कोण? ऑस्विन ना? तू नुसतं हो म्हण. बाकी मी बघतो."

'हो' अगदी ओठांवर होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर काठी त्याच घटकेला माझी झाली असती. मग मास्तरांनी ऑस्विनला विचारलं असतं, का रे? आणि ऑस्विनने काय सांगितलं असतं? आयचं नाव न घेता तो मार खाऊन गप्प बसला असता का? मी त्याला पुष्कळ दिवस निरखत होते आणि मला खात्री देता येत नव्हती. आय सणाच्या दिवशी कॉयरमध्ये असावी की नसावी, हे त्या माणसाच्या जिभेवर टाकायचं मला जमेना.

"फॉन्ट होता, मास्तर. प्रेसचा फॉन्ट इथे नव्हता, त्यामुळे ओळी सरकत होत्या. मी आधीच बघायला हवं होतं."

मास्तरांनी मांडीवरचं पान उलटं ठेवलं.

"एवढे आठवडे तुला फॉन्ट दिसला नाही?"

"नाही."

"आणि मला वाटलं तू निदान कोणाचंतरी नाव घेशील." ते रागावले नव्हते, ते जास्त वाईट होतं. "ज्याला कागद सांभाळता येत नाही, त्याला माणसं कशी सांभाळता येतील?"

ते उठले. मी घाईने म्हटलं, शेवटची पानं मी करते आणि छापतेही मीच, ऑस्विनकडे देत नाही. मास्तर म्हणाले, कर, आणि आत गेले. काठीबद्दल ते काही बोलले नाहीत. त्याची गरजही नव्हती.

— भाग वेगळे करा —

तोवर आमच्या पानावर चारही आवाज एकाखाली एक असायचे, त्यामुळे ओळ तुटली की सगळ्यांची एकदम तुटायची. मी चार आवाजांची चार वेगळी पानं केली. सोप्रानोची ओळ एका बारपाशी संपत होती, टेनरची त्याच्या पुढच्या, बेसची, पुरुषांच्या खालच्या आवाजाची, त्याहून पुढे. अल्टोची पानं मी दोन प्रकारची केली. आयच्या आणि तिच्या शेजारणींच्या पानावर ओळी आखूड, उरलेल्या अल्टोंच्या पानावर लांब.

आखूड ओळीत मोजकेच बार. सॉफ्टवेअर ते पानभर ताणतं, दोन सुरांमध्ये बोट मावेल एवढी जागा राहते.

प्र      भू      द ———— या

आणि लांब ओळीत बार असे कोंबलेले की सुरांचे देठ एकमेकांत अडकायचे. ते एकेक करून सोडवले. प्रेसमध्ये असं काम मी केलं असतं तर मालकांनी कागद फाडून टाकला असता. माझ्या हातून निघालेली सगळ्यात बेढब पानं ती.

सोप्रानोचं पान लावताना मला एक निळा बाण दिसला. आधी माझ्या नजरेतून सुटलेला. 'दया'च्या पुढे एक तुकडा आहे, तिथे फक्त सोप्रानो गातात. अल्टोंना पूर्ण विश्रांती, त्यांच्या रेघा कोऱ्या. त्या तुकड्याच्या ऐन मध्यावर ओळ तोडलेली होती.

तिथे आय गातच नव्हती.

चुकून लागला असेल. ऑस्विनचा हात घसरला असेल. किंवा आयच्या निमित्ताने तो मला पाडायचं कामही करून घेत असेल. मी बाण पुसला. बाण पुसला की त्याची काहीच खूण राहत नाही.

पुढच्या तालमीला पानं वाटली तेव्हा कुरकुर झाली. बाकीच्यांचं आम्हाला दिसत नाही, मग सांभाळायचं कसं, बेसवाल्यांनी विचारलं. मी सांगितलं, अक्षरं मोठी आली आहेत, चष्मे लागणार नाहीत. मास्तरांनी काठी उचलली. 'या' सुरू झाला. सोप्रानोंनी श्वास घेतला तेव्हा बेस गात होते, बेसनी घेतला तेव्हा टेनर. अल्टोच्या अर्ध्या बायका थांबल्या तेव्हा उरलेल्या अर्ध्या गात होत्या. खराट्याचा आवाज झाला नाही. मास्तर नेहमीसारखे तोंडं बघत होते, आणि कुठलं ना कुठलं तोंड सारखं मिटत होतं. एका क्षणी ते गोंधळले. मग त्यांनी बघायचं सोडलं.

— अंतर कमी करा —

सणाच्या दिवशी मंडप रस्त्यापर्यंत आलेला बिशप वेदीवर आणि गर्दीतून कुठलंतरी मूल रडतंय मास्तरांनी पांढरा शर्ट घातलेला कॉलर गळ्याला मोठी झालेली मी सोप्रानोच्या टोकाला उभी आणि मला मागे वळून बघता येत नाही म्हणून मी कान मागे लावलेले प्रभू दया कर आणि 'या' चढू लागला माझी ओळ संपली मी श्वास घेतला आणि श्वास घेता घेता मागचा अल्टो ऐकला त्यात आयचा आवाज शोधला सापडला मग तो गेला मग परत आला मग गेला मग परत आला मास्तरांनी डावा हात वर धरलेला डोळे मिटलेले आणि 'या' कुठेच तुटला नाही चर्चमधल्या कॉयरच्या माळ्यापासून मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत तो एका दमात गेला आणि 'कर'वर येऊन टेकला.

— जागा मोकळी सोडा —

मिस्सानंतर मंडपात मास्तरांनी काठी ऑस्विनला दिली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. अल्टोच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

गर्दी पांगू लागल्यावर ऑस्विन माझ्याजवळ आला. काठी त्याने बगलेत धरली होती, छत्रीसारखी.

"मास्तरला फॉन्ट का सांगितलंस?"

"तूच म्हणाला होतास, फॉन्ट."

तो हसला नाही. तू माझं नाव घेशील असं मला वाटलं होतं, तो म्हणाला. मी तयारी ठेवली होती. कसली तयारी, मी विचारलं. त्याने खांदे उडवले.

"ऑस्विन, सोप्रानोच्या तुकड्यात एक बाण होता. तो कोणासाठी?"

"कुठला?"

"जिथे अल्टो गप्प असतात."

तो माझ्याकडे बघत होता. मी त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला आणि मला तिथे जे वाचायचं होतं ते सगळं सापडलं, दोन्ही बाजूंचं. तेवढ्यात फादरनी फोटोसाठी हाक मारली आणि तो गेला. नंतर कितीतरी वर्षं त्याच्या हाताखाली मी गायले, त्याची पानं लावली. तो प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

— शेवटची रेघ —

आय आणि मी घरी निघालो. ऊन चढलं होतं. तिने सणाची साडी नेसली होती आणि माझ्या पायात नव्या सँडल होत्या. मागून कॉयरच्या बायका बोलत बोलत येत होत्या, त्यांची हसण्याची लाट मधूनच ऐकू यायची.

"तुला मिळायला हवी होती," आय म्हणाली.

मी म्हटलं, "आय, एक सांग. तू ऑस्विनकडे गेलीस, की तो तुझ्याकडे आला?"

"आता काय त्याचं?"

"सांग ना."

ती थोडं चालली. मग म्हणाली, "मी एकदा बाजारातून येत होते, तर तो"

आणि थांबली. हात शेजारच्या कुंपणाच्या भिंतीवर टेकला. तोंड उघडं होतं पण त्यातून वाक्य येत नव्हतं, नुसती हवा आत ओढली जात होती. मला ते वाक्य पुरं हवं होतं. तो काय? तो बघून थांबला, की तो आधीच वाट बघत उभा होता? मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती हाताने मला थांब म्हणत होती.

मागच्या बायका वळणावर आल्या.

मी रस्त्यातच खाली बसले आणि सँडलचा पट्टा सोडला. बक्कल काढलं, परत घातलं, परत काढलं. बायका जवळ आल्या. त्यांच्यातली एक वाकून बघू लागली.

"काय झालं गो? तुटला काय?"

"सुटलाय नुसता," मी म्हटलं. "आय थांबलीय माझ्यासाठी. तुम्ही व्हा पुढे."